एकटा उंबर नसतोच

पिकून तांबूस झालेलं, झाडाखाली पडलेलं एक उंबर उचला आणि दोन्ही अंगठ्यांनी हलकेच फोडा. आधी गोडसर, किंचित आंबूस वास येतो. मग आतल्या गुलाबी गरातून तिळाहूनही लहान केंबरं बाहेर पडतात. काही बोटांवरून चालू लागतात, एखाददुसरं उडून जातं. बहुतेक जण इथेच नाक मुरडून फळ टाकून देतात. गुरांमागे रानात हिंडणारी पोरं मात्र फुंकर मारून केंबरं उडवतात आणि उरलेलं फळ तोंडात टाकतात. फळ सडलं म्हणून ही केंबरं त्यात शिरलेली नसतात. ती तिथेच जन्मलेली असतात. त्यांच्या आईशिवाय या फळात बी धरलं नसतं आणि अशा फळांशिवाय त्यांची जात पृथ्वीवर टिकली नसती.

माणूस आणि चराचर सृष्टी एकमेकांत ओवलेली आहे, हे आपण कीर्तनात ऐकतो, आजीकडून ऐकतो, दगडाला शेंदूर फासताना आणि झाडाला सूत गुंडाळताना न बोलता मान्यही करतो. पण हे ओवलेपण नेमकं कुठे हाताला लागतं, असं कुणी विचारलं तर मी उंबराकडे बोट दाखवेन. या एका झाडात कीटक, पाखरं, वारा, पाणी, देव आणि माणूस इतके गुंतलेले आहेत की त्यातलं एक सोडवायला जावं तर दुसरं निसटतं.

फळाच्या आतली फुलं

ज्याला उंबराचं फूल दिसलं त्याचं भाग्य उजळलं, अशी आपल्याकडे समजूत आहे. ते कुणालाच दिसत नाही, कारण ते बाहेर येतच नाही. आपण ज्याला फळ म्हणतो तो आतून पोकळ आणि चहूबाजूंनी मिटलेला फुलांचा गोळा आहे. त्याच्या आतल्या भिंतीला शेकडो, कधी हजारो सूक्ष्म फुलं दाटीने लागलेली असतात. वड, पिंपळ, पिंपरी, अंजीर ही सगळी उंबराची भावंडं, शास्त्राच्या भाषेत फायकस. जगात त्यांच्या साडेसातशेहून अधिक जाती आहेत आणि सगळ्यांची फुलं अशीच आत कोंडलेली.

आता प्रश्न असा की तिथे ना वारा पोचतो, ना फुलपाखरू, ना मधमाशी. मग पराग न्यायचे कुणी? हे काम करतं केंबरू. उंबराच्या केंबराचं शास्त्रीय नाव सेरॅटोसोलेन फ्युसिसेप्स. गांधीलमाशीचं हे दूरचं नातलग लांबीला जेमतेम दोन मिलिमीटर भरतं.

कोवळ्या उंबराच्या आतली स्त्रीफुलं तयार झाली की झाड एक खास गंध हवेत सोडतं. दुसऱ्या कुठल्या तरी उंबरातून नुकतीच बाहेर पडलेली मादी त्या गंधाच्या मागावर येते. देठाच्या विरुद्ध टोकाला उंबराला एक बारीक तोंड असतं आणि त्यावर एकावर एक खवले घट्ट बसलेले असतात. मादी डोकं खाली घालून त्यांतून घुसते. वाट इतकी अरुंद असते की जाता जाता तिचे पंख तुटून बाहेर राहतात, मिशांचे तुकडे पडतात. ती आत पोचते तेव्हा बाहेर यायची सोय संपलेली असते.

आत मिट्ट काळोख. त्या काळोखात ती दोन कामं करते. छातीवरच्या दोन इवल्या खिशांतून सोबत आणलेले पराग पुढच्या पायांनी काढून फुलांना लावते आणि काही फुलांत एकेक अंडं घालते. ज्या फुलांत अंडं पडलं तिथे पिल्लू वाढतं, उरलेल्या पराग मिळालेल्या फुलांत बी धरतं. काम उरकलं की ती तिथेच मरते.

काही आठवडे जातात. आधी नर बाहेर येतात. त्यांना पंख नसतात, कारण त्यांना कुठे जायचंच नसतं. ते अजून फुलांत मिटलेल्या माद्यांशी संग करतात, मग मिळून उंबराच्या भिंतीला आतून कुरतडून बोगदा पाडतात आणि मरतात. मादीला बाहेर जायला वाट मिळते. नेमक्या याच वेळी उंबरातली पुरुषफुलं पिकलेली असतात. मादी त्यांच्यातले पराग खिशांत भरते, नरांनी कोरलेल्या वाटेने उजेडात येते आणि उडते. तिच्याकडे एखाद-दोन दिवस असतात. तेवढ्यात तिला दुसरं झाड गाठायचं असतं. फळ पिकून गोड होतं ते या सगळ्यानंतर. आपण फोडतो त्या उंबरात उरलेली असतात ती मागे राहिलेली काही केंबरं आणि बोगदा खोदून मेलेले नर.

बाजारातल्या अंजिरावरून कुणी घाबरू नये. पुरंदरचं अंजीर परागणावाचूनच धरतं, त्याला केंबराची गरज नसते. उंबर, वड, पिंपळ यांना मात्र बी हवं असेल तर दुसरा मार्ग नाही.

सह्याद्रीहून जुनं

उंबर आणि केंबरू यांच्या पूर्वजांची ही सोयरीक कधी जुळली असेल? जनुकांच्या तुलनेवरून काढलेला अंदाज सुमारे साडेसात कोटी वर्षांचा आहे. आपल्या पायांखालचा काळा पाषाण, ज्यातून सह्याद्रीचे कडे आणि अजिंठ्या-वेरूळची लेणी कोरली गेली, तो लाव्हा थंड होऊन बनला सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी. म्हणजे फुलाला किड्याची आणि किड्याला फुलाची ओढ लागली तेव्हा सह्याद्री अजून घडायचा होता. डायनोसॉर हिंडत होते. त्यांचा अंत झाला, खंड सरकले, हिमयुगं आली आणि गेली. या सगळ्यातून एक दोन दिवस जगणारा किडा आणि एक मुकं झाड एकमेकांना धरून पार झाले. आज फायकसच्या बहुतेक जातींचं केंबरू वेगळं आहे. वडाचं केंबरू उंबराच्या कामाचं नाही आणि पिंपळाचं वडाच्या.

या नात्याची एक अट आहे आणि माझ्या मते सगळ्या गोष्टीची किल्ली तिच्यात आहे. एका उंबरात स्त्रीफुलं आधी तयार होतात, पुरुषफुलं कित्येक आठवड्यांनी. झाडावरची बहुतेक फळं एकाच वेळी एकाच अवस्थेत असतात. त्यामुळे मादी पराग घेऊन बाहेर पडते त्या दिवशी तिच्या जन्माच्या झाडावर सहसा तिला घुसण्याजोगं कोवळं उंबर नसतं. ते दुसऱ्या झाडावर असावं लागतं, आणि त्याच आठवड्यात असावं लागतं. म्हणजे तिच्या पल्ल्यात वर्षाच्या बाराही महिन्यांत कुठला ना कुठला उंबर स्वागताला तयार हवा. त्यासाठी एकदोन नव्हे, पुष्कळ झाडं हवीत. तोडता तोडता ती फार थोडी उरली तर एखादा आठवडा असा येईल की उडालेल्या माद्यांपैकी एकीलाही दार सापडणार नाही. झाडं त्यानंतरही हिरवीगार उभी राहतील, पण त्यांचा वंश थांबलेला असेल.

या माद्या किती लांब जाऊ शकतात? नामिबियाच्या वाळवंटात उगाब नावाच्या नदीच्या कोरड्या पात्राकाठी उंबराची आफ्रिकी बहीण, फायकस सिकोमोरस, एकेकटी, विखरून उभी आहे. संशोधकांनी तिथल्या झाडांच्या आणि त्यांच्या बियांच्या जनुकांवरून प्रत्येक बीचा बाप कोणता ते शोधून काढलं. २००९ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष वाचून मी थक्क झालो. पराग सरासरी ९० किलोमीटरच्या आसपास प्रवास करून आलेले होते आणि सर्वांत लांबचे तब्बल १६० किलोमीटरवरून. जणू दोन मिलिमीटरचा जीव पुण्याहून निघून मुंबई गाठतो, तेही आयुष्यात एकदाच! स्वतःच्या बळावर ती इतकं उडत नाही. ती उंच चढते, वाऱ्यावर अंग टाकते आणि गंध लागला की खाली उतरते. वारासुद्धा या कुटुंबातलाच म्हणायचा.

न बोलावलेले पाहुणे

उंबराच्या पोटात एवढीच वस्ती असती तरी पुरे होतं. बंगळूरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत डॉ. रेनी बोर्जेस आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी वर्षानुवर्षं उंबर अभ्यासला आहे. परागण करणाऱ्या केंबराखेरीज आणखी सहा जातींची केंबरं त्यावर जगतात असं तिथे आढळलं. ही आत शिरत नाहीत. बाहेरूनच फळाच्या भिंतीत लांब सुई खुपसून आत अंडी घालतात. काहींची पिल्लं फुलांवर पोसतात, काहींची दुसऱ्या केंबरांच्या पिल्लांवर. केसाहूनही बारीक सुईने कच्च्या उंबराची कडक साल भेदायची म्हणजे काय? त्याच संस्थेतल्या अभियंत्यांनी २०१४ साली दाखवलं की अशा एका जातीच्या सुईच्या टोकाला बारीक दाते असतात आणि त्या दात्यांत जस्त असतं. धातूने कडक केलेलं टोक घेऊनच तो किडा जन्माला येतो.

या चोरट्यांवर पहाराही आहे. पानं विणून घरटी करणाऱ्या लाल मुंग्या उंबरावर फिरत असतात आणि सालीत सुई खुपसून स्थिर उभी असलेली केंबरं त्यांना आयती सापडतात. शिवाय डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्म कृमी मादीसोबत एका उंबरातून दुसऱ्या उंबरात प्रवास करतात, कारण त्यांनाही त्याच अंधाऱ्या घरात वाढायचं असतं. लिंबाएवढ्या फळात शेती आहे, चोरी आहे, राखण आहे, जन्म-मरण आहे. बाहेरून आपल्याला दिसतं ते खोडाला लगडलेलं एक मुकाट फळ.

कुणाकुणाचं पोट

फळ पिकलं की दुसरा अध्याय सुरू होतो. आंबा, जांभूळ, करवंद यांचे हंगाम ठरलेले. फायकसच्या झाडांचा तसा एक हंगाम नसतो. केंबरांसाठी वर्षभर कुठे ना कुठे फळ लागावंच लागतं आणि त्याचा फायदा सगळ्या रानाला मिळतो. इतर झाडं रिकामी असतात त्या महिन्यांतही एखादा उंबर किंवा वड फळलेला सापडतो. जगभरात फायकसची फळं खाणाऱ्या पक्ष्यांच्या आणि सस्तन प्राण्यांच्या बाराशेहून अधिक जातींची नोंद झालेली आहे. इतक्या जिवांना जगवणारं दुसरं फळझाडांचं कुळ शोधून सापडणं कठीण.

महाराष्ट्राचा राज्यपक्षी हरियाल. पिवळ्या पायांचा, हिरवट राखाडी, पानांत मिसळून जाणारा. हा मुख्यतः वड, पिंपळ, उंबर यांच्याच फळांवर जगतो. राज्यप्राणी शेकरू, तोही उंबरं खातो. धनेश, बुलबुल, कोकीळ, तांबट, वानरं, उदमांजर, रात्री वटवाघळं असे सगळे पाळीपाळीने येतात. खाली पडलेली उंबरं भेकरं खातात, ओढ्यात पडलेली मासे खातात. बी इतकं बारीक की पोटातून सहीसलामत बाहेर पडतं आणि पाखराने जिथे विष्ठा टाकली तिथे रुजतं. ओढ्याच्या काठी, विहिरीच्या कठड्यात, पडक्या वाड्याच्या भिंतीत उंबर उगवतो तो असा. बहुतेक उंबर कुणी लावलेले नसतातच.

या दोन प्रवासांची, बीच्या आणि केंबराच्या, खरी परीक्षा झाली ती १८८३ साली. इंडोनेशियातल्या क्राकाटोआ बेटावर ज्वालामुखीचा स्फोट झाला आणि उरलेल्या भागावरचं रान राखेखाली गाडलं गेलं. सुमात्रा आणि जावा सुमारे चाळीस किलोमीटर समुद्रापलीकडे. पुढच्या काही दशकांत तिथे पुन्हा रान उभं राहिलं आणि त्यात फायकसच्या जाती आघाडीला होत्या. पाखरांनी, वटवाघळांनी बिया आणल्या. झाडं वाढली. पण फळात बी धरायला केंबरंही हवीत, प्रत्येक जातीचं वेगळं, आणि तीही समुद्र ओलांडून आली. मग त्या फळांसाठी आणखी पाखरं आली, त्यांच्या पोटातून दुसऱ्या झाडांच्या बिया आल्या. राखेचं रान झालं.

हात कशाला जोडले

आता माणसाकडे येऊ.

सांगली जिल्ह्यात कृष्णाकाठी एका गावाचं नावच औदुंबर आहे. तिथून नदीच्या ओघाने खाली गेलं की कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर नरसोबाची वाडी. दोन्ही ठिकाणं दत्तभक्तांची, नृसिंहसरस्वतींच्या वास्तव्याने पावन झालेली मानलेली. वाडीला औदुंबराच्या छायेत पूजा होते ती पादुकांची. पावसाळ्यात कृष्णा चढते, मंदिरात शिरते, पादुकांवरून वाहते आणि दक्षिणेकडच्या दाराने बाहेर पडते. त्या पाण्यात स्नान करायला लोक दुरून येतात. त्याला दक्षिणद्वार सोहळा म्हणतात. नदीचा पूर गाभाऱ्यात आला तर त्यालाच पर्वणी मानणारी ही श्रद्धा. तिथे देव, झाड आणि पाणी वेगळे काढून दाखवता येत नाहीत.

औदुंबराला हे स्थान का, याची कथा 'गुरुचरित्रा'त आहे. हिरण्यकशिपूचं पोट फाडल्यावर नृसिंहाच्या नखांत विषाचा दाह भरला. लक्ष्मीने उंबराची फळं आणली, नृसिंहाने त्यांत नखं रोवली आणि दाह निवला. तेव्हा त्याने झाडाला वर दिला. उग्र देवाला शांत करणारं फळ, अशी ही ओळख. गावोगावी त्यातून साधे नियम आले. उंबर तोडू नये. त्याचं लाकूड चुलीत घालू नये. वाळकी काटकी समिधा म्हणून चालेल, सरपण म्हणून नाही.

याच कृष्णाकाठच्या सांगली-कोल्हापूर भागात जैन शेतकऱ्यांची मोठी वस्ती आहे. त्यांच्या धर्मात श्रावकाच्या मूलगुणांमध्ये पाच उदुंबर फळांचा त्याग सांगितला आहे. वड, पिंपळ, उंबर आणि त्यांच्याच कुळातली आणखी दोन. कारण स्पष्ट दिलेलं आहे: त्या फळांत जीव असतात, ती खाल्ली तर हिंसा होते. विशेष म्हणजे पाचही आजच्या वनस्पतिशास्त्राप्रमाणे एकाच वंशातली निघतात. कुणी तरी फार पूर्वी ही फळं एकेक करून फोडली असतील, आत हालचाल पाहिली असेल आणि त्या तिळाएवढ्या जिवांची कणव येऊन हात मागे घेतला असेल. एकाने झाडापुढे डोकं टेकवलं, दुसऱ्याने फळ न खाण्याचं व्रत घेतलं. दोघांच्या हातून राखलं गेलं एकच घर.

फळ फोडून पाहण्याची गोष्ट आली की छांदोग्य उपनिषदातले उद्दालक आणि श्वेतकेतू आठवल्याशिवाय राहत नाहीत. बाप मुलाला वडाचं फळ आणायला सांगतो, फोडायला लावतो, मग आतलं बीही फोडायला लावतो. मुलाला आत काहीच दिसत नाही. बाप म्हणतो, ज्या अणुरूपाला तू पाहू शकत नाहीस त्यातूनच एवढा वृक्ष उभा आहे, आणि तेच तुझंही सत्य आहे. हा विचार सांगायला ऋषीने फायकसचं फळ निवडलं, याचं मला फार अप्रूप वाटतं. केवढं मोठं झाड आणि केवढंसं बी! तो विसंवाद दिसल्यावर प्रश्न पडणारच.

केनियातली एक आई

हे सगळं आपलंच वेगळेपण असतं तर गोष्ट इथे संपली असती. पण हिंदी महासागराच्या पलीकडे, माउंट केनियाच्या परिसरात किकुयू लोक फायकसच्या झाडाला मुगुमो म्हणतात आणि ते देवाचं झाड मानतात. १९४० साली न्येरीजवळच्या एका खेड्यात जन्मलेल्या वांगारी माथाई लहानपणी सरपण गोळा करायला जात, तेव्हा आईने बजावलं होतं: त्या झाडाची काटकीही आणायची नाही, ते तोडत नाहीत, जाळत नाहीत. त्या झाडाजवळ एक झरा होता. छोटी वांगारी त्यातली बेडकाची अंडी मणी समजून ओंजळीत घ्यायची.

वांगारी अमेरिकेत जीवशास्त्र शिकून परत आल्या. पुढे त्यांना कळलं की जमिनीच्या नव्या मालकाने ते झाड पाडलं होतं. झराही आटला होता. तेव्हा त्यांना आईच्या बोलण्याचा अर्थ उलगडला. मुगुमोची मुळं खडक भेदून खोल पाण्यापर्यंत जातात, मुळांच्या वाटेने ते पाणी वर सरकतं आणि उतारावर जिथे जागा मिळेल तिथे झऱ्याच्या रूपाने बाहेर येतं. ती मुळं मातीही धरून ठेवतात. झाडाविषयीचा धाक गेला तेव्हा झरा आणि माती दोन्ही गेली. १९७७ साली त्यांनी हरितपट्टा चळवळ सुरू केली, खेड्यातल्या बायकांना हाताशी धरून कोट्यवधी झाडं लावली, आणि २००४ साली त्यांना शांततेचं नोबेल मिळालं. ही आठवण त्यांनी आपल्या आत्मचरित्रात लिहून ठेवली आहे.

आपल्याकडे 'उंबराच्या खाली पाणी' हे गावातला कोणीही सांगतो. सहाव्या शतकात वराहमिहिराने 'बृहत्संहिते'त भूजल शोधण्यावर स्वतंत्र अध्याय लिहिला आणि पाण्याची खूण सांगणाऱ्या झाडांत उंबर घातला. पाणी ओळखणारा आणि पाण्याजवळ देव मानणारा, दोघांनाही एकाच झाडाखाली उभं राहावंसं वाटलं.

आणखी उत्तरेला, प्राचीन इजिप्तमध्ये, नामिबियात पाहिली तीच उंबराची बहीण देवळांच्या आणि थडग्यांच्या सावलीला होती. हथोर देवीला त्या झाडाची स्वामिनी म्हणत. मेलेल्या माणसाला झाडातून प्रकट होऊन अन्नपाणी देणारी देवी थडग्यांच्या भिंतींवर रंगवलेली आहे. पण निसर्गाच्या हिशेबाने ते झाड तिथे टिकायलाच नको होतं. त्याचं परागण करणारं केंबरू इजिप्तमध्ये नाही, त्यामुळे तिथे बी धरत नाही. ते हजारो वर्षं टिकलं, कारण माणसाने त्याच्या फांद्या कापून लावल्या. फळं पिकावीत म्हणून एकेक फळाला चाकूने चीर दिली. जिथे केंबरू नव्हतं तिथे त्याच्या जागी माणूस उभा राहिला. निसर्गाशी नातं म्हणतात ते याहून ठोस कसं असेल?

नियम आणि नातं

आपल्या पूर्वजांना आजचं सगळं विज्ञान ठाऊक होतं, असं मला म्हणायचं नाही. परागांचे खिसे, जस्ताची सुई, १६० किलोमीटरचा प्रवास हे त्यांना माहीत नव्हतं. हे सूक्ष्मदर्शकाने, जनुकांच्या तपासणीने, वर्षानुवर्षं झाडाखाली बसून मोजणाऱ्या माणसांनी मिळवलेलं ज्ञान आहे आणि त्याचं श्रेय त्यांचंच. पण श्रद्धेच्या नियमाची घडण पाहा. एखादी देवराई राखायची तर तेवढा तुकडा राखला जातो. उंबराचा नियम जागेला बांधलेला नाही. तो बांधावरच्या उंबराला लागू, ओढ्याकाठच्याला लागू, परक्याच्या वावरातल्यालाही लागू. त्यामुळे सबंध मुलखात एकेक, दोन-दोन करत उंबर विखरून उभे राहिले. केंबराला तरी दुसरं काय हवं असतं? कुठल्याही आठवड्यात उडाली तरी पल्ल्यात एक झाड. माणसाने देवाच्या भीतीने जो नकाशा आखला, तो दोन मिलिमीटरच्या जिवाला हवा तसा निघाला.

हा योग कसा जुळून आला? मला वाटतं, आदर ही लक्ष देण्याची फार जुनी रीत आहे. ज्याच्यापुढे आपण थांबतो, ज्याला उगाच हात लावत नाही, त्याच्याकडे नीट पाहणं आपोआप होतं. पाखरं कधी जमतात, पाणी कुठे पाझरतं, फळात काय वळवळतं हे पिढ्यान्‌पिढ्या पाहिल्यावर एवढं तरी कळतंच की या झाडाला पुष्कळांचा आधार आहे. बाकी कारण माहीत नसलं तरी त्याला हात लावायचा नाही, इतका निर्णय त्यावरून घेता येतो.

आणि हे पाहणं माणूस होण्याच्याही आधीचं असेल. युगांडाच्या किबाले अरण्यात चिंपांझी फायकसची फळं कशी निवडतात यावरचा एक अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. पिकल्यावरही हिरवीच राहणारी फळं ते बोटांत धरून हलकेच दाबून पाहतात, मऊ लागलं तर तोडतात. बाजारात आंबा चाचपणाऱ्या आपल्या हाताची हीच चाल आहे. अशा फळांनी आपल्या पूर्वजांची बोटं हुशार केली असतील, असा विचार त्या संशोधकांनी मांडला आहे. ते खरं असेल तर औदुंबरापुढे जोडले जाणारे हात घडवण्यात त्याच्या कुळाचाही वाटा आहे.

माणसाचं जगाशी आध्यात्मिक नातं आहे, याचा अर्थ माझ्यापुरता तरी एवढाच आहे: आपलं असणं आपल्यापुरतं नाही, हे नुसतं डोक्याने मानून न थांबता वागण्यात उतरवणं. त्यासाठी डोळे मिटायची गरज नाही. जितकं उघड्या डोळ्यांनी पाहावं तितकं ते नातं गहिरं होत जातं. केंबराची गोष्ट कळल्यावर औदुंबराला घातलेली प्रदक्षिणा लहान होत नाही. आता ती कुणाकुणाभोवती घातली जाते तेही ठाऊक असतं.

आणि ते ठाऊक झालं की आपल्या वागण्यातली एक खोट लगेच दिसते. आपण मंदिरातला औदुंबर पार बांधून, फरशी घालून, लोखंडी जाळी लावून जपतो. त्याच वेळी रस्तारुंदीकरणात, ओढ्याच्या काँक्रीटच्या भिंतीत, नव्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये जाणाऱ्या उंबरांची गिनती कुणी करत नाही. ते बिनदेवाचे उंबर, कुठल्या पाखराने टाकलेले. पण मंदिरातल्या उंबरात बी धरायला जी मादी यावी लागते, ती त्याच बिनदेवाच्या उंबरात जन्मते. ती झाडं गेली तर जाळीतला औदुंबर पूजला जाईल, फळेल, आणि निर्वंश राहील.

शहरी भागात झाड तोडण्याआधी हरकती मागवणारी सूचना त्या झाडावर लावावी लागते, असा महाराष्ट्राचा १९७५ चा कायदा सांगतो. पुढच्या वेळी अशी सूचना उंबराच्या खोडावर दिसली तर हरकत लिहा. त्यात सावली आणि प्राणवायू यांच्या जोडीने हेही लिहा की हे झाड परिसरातल्या प्रत्येक उंबराचं सासर-माहेर आहे. गावात असाल तर आपल्या शिवारातले उंबर मोजा, कुठला कधी फळतो ते मुलांना लिहून ठेवायला सांगा. ओढ्याकाठी उगवलेलं रोप कुणी न लावता आलं आहे, म्हणून उपटू नका. आणि मुलांच्या हातात एक पिकलेलं उंबर देऊन ते फोडायला लावा. आतून केंबरं उडाली की त्यांना सांगा, हे किडे नसते तर हे झाड नसतं, हरियाल उपाशी राहिला असता, आणि ज्याच्या सावलीत आपण देव पाहिला ती सावलीही पडली नसती. एका झाडाला हात जोडायचे तर त्याच्या सगळ्या गणगोताचं देणं लागतो, हे त्यांना आत्ताच कळू द्या.